शनिवारी उघडायची खोली

खिडकीची कडी अजून तशीच अडकते. डाव्या हातानं चौकट दाबून धरायची, उजव्या हातानं कडी वर उचलायची आणि तोंडानं एकदा 'हेरगॉट' म्हणायचं. देवाचं नाव घेऊन दिलेली ती शिवी टांटे हिल्डेची. दर शनिवारी ती कडीला अशी दटावायची आणि कडी सुटायची. आज मी दटावलं. माझंही ऐकलं मेलीनं.

खिडकी उघडली आणि मागच्या अंगणातल्या लाकडी कोठारातून तंबाखूचा वास आला. त्या कोठारात तंबाखू टांगणं बंद होऊन एक जमाना लोटला. पण फळ्यांनी वास धरून ठेवलाय, आणि ऑक्टोबरातलं तिरपं ऊन पडलं की त्या तो सोडतात. कोरडा, गोडसर, घशाला किंचित टोचणारा. परवा, सोमवारी, इथे ट्रक येणार आहे. आधी घरातलं सामान जाईल, मग कोठार, मग घर. या जागी सहा फ्लॅट होणार आहेत, प्रत्येकाला बाल्कनी. योर्ग हा टांटे हिल्डेच्या नवऱ्याचा पुतण्या. त्यानं मला फ्रँकफर्टला फोन करून हे सांगितलं. म्हणाला, "टांटे ऑगस्टमध्ये गेली. मागच्या खोलीत तुमचं काही राहिलं असेल तर सोमवारच्या आत घेऊन जा." ऑगस्टमध्ये गेलेली बाई मला ऑक्टोबरात कळते. कळवणार तरी कोण, आणि मी तिची होते तरी कोण? वरच्या मजल्यावरची जुनी भाडेकरू.

त्याला वाटतं ही खोली आमची होती. खोली लिनाची होती.

आम्ही या गावात आलो तेव्हा युरोच्या नोटा अजून कोऱ्या होत्या. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, वाल्डॉर्फच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती, आणि तिथून बसनं वीस मिनिटांवर हे गाव. घर बघायला आलो तेव्हा तो नळ आणि हीटर तपासत होता आणि मी अंगणात कोठारापाशी उभी राहून रडत होते. भंडाऱ्याला माझी आई विड्या वळायची. सूप मांडीवर, पायाशी तेंदूच्या पानांचा ढीग, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला दिसायचीच नाहीत. तिच्या बोटांना, पदराला, तिच्या हातच्या भाकरीलासुद्धा हाच वास. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. शाळेत जायच्या आधी ती वेणी घालायला बसली की मी मान पुढे ओढायची. आणि इथे, परक्याच्या अंगणात, तोच वास आला आणि मला हुंदका आवरेना. घरमालकीण बिचारी दारात उभी. तिला वाटलं, बाईला घर पसंत नाही. म्हणाली, "आल्झो, हे बघा, वरती उजेड चांगला येतो."

ती टांटे हिल्डे. पंचाहत्तरीला आलेली, उंच, निळ्या ठिपक्यांचा एप्रन कायम कमरेला. मला म्हणाली नुसतं हिल्डे म्हण. आता आईच्या वयाच्या बाईला नुसतं नावानं कशी हाक मारणार? मी 'टांटे', म्हणजे मावशी-आत्या जी काय असेल ती, पुढे लावून टाकलं. तिला ते आवडलं. तिला मूल नव्हतं, नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि टांटे म्हणणारा एक योर्ग, तो वर्षातून दोनदा यायचा.

मला नोकरी करायची परवानगी नव्हती. माझ्या व्हिसावर तसा शिक्काच होता. म्हणून मी गावातल्या संध्याकाळच्या वर्गाला जर्मन शिकायला जायची आणि शनिवारी टांटे हिल्डेच्या मागेमागे फिरायची. तिचा शनिवार घड्याळावर चालायचा. आधी रस्त्याकडची फरसबंदी झाडायची. मग अंगण. मग एप्रनच्या खिशातून किल्ली काढून ही खोली उघडायची. पिसांची दुलई उचलून खिडकीच्या कठड्यावर टाकायची, फरशी साबणाच्या पाण्यानं पुसायची, कपाटाची दारं सताड उघडायची आणि अर्धा तास खिडकी उघडी ठेवायची. बाहेर बर्फ असो नाहीतर काही असो, अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मग दुलई झटकून पलंगावर घालायची, तिच्यावर हात फिरवायचा आणि किल्ली पुन्हा खिशात. त्या पलंगावर कुणी झोपत नव्हतं.

मी एकदा विचारलं, "पाहुणे येणार आहेत का?"

"माझी बहीण राहते इथे," ती म्हणाली.

"कुठे आहेत त्या?"

"आयोवाला. अमेरिकेत. पन्नास वर्षं झाली."

मला हसू आलं. तिला आलं नाही. बापानं मरण्याआधी नोटरीपुढे लिहून ठेवलं होतं. घर हिल्डेचं, पण मागची खोली लिना जिवंत असेतोवर लिनाची. इथे याला 'वोनरेश्ट' म्हणतात, राहण्याचा हक्क. माहेर सोडून समुद्रापार गेलेल्या मुलीसाठी बापानं एक खोली आणि एक पलंग शिल्लक ठेवला होता. आमच्याकडे मुलीचं लग्न झालं की तिच्या कोनाड्यात दुसऱ्या दिवशी धान्याचं पोतं येतं. मला या बापाचं फार कौतुक वाटलं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोला.

खोली आवरून झाली की तिच्या स्वयंपाकघरात कॉफी आणि आलुबुखाऱ्याचा केक, आणि मग डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात लिनाची पत्रं. ती वाचायची आणि आपल्या साध्या जर्मनमध्ये मला समजावून सांगायची. असं करत करत लिना मला कळत गेली. कधीकधी वाटायचं की माझ्या स्वतःच्या चुलतबहिणींपेक्षा मला लिना जास्त माहीत आहे.

लढाईनंतरच्या भुकेच्या वर्षांत लिनाचं लग्न पत्रावर ठरलं. मुलगा आयोवाचा शेतकरी, जर्मन वंशाचा, म्हणजे आपलाच. ती जहाजातून, मग दोन दिवस आगगाडीतून तिथे पोचली आणि नवऱ्यानं तोंड उघडलं, तर तिला एक अक्षर कळेना! त्याचे आजे-पणजे उत्तरेकडच्या समुद्रकाठचे, त्यांची बोली निराळीच. ही इकडची, नदीकाठची. सासू काहीतरी बोलायची, ही मान हलवायची, आणि मग अंडी आणायला सांगितलेलं असताना सरपण घेऊन यायची. चर्चमध्ये तिचीच जर्मन बोलावी तर तिथे जर्मन कधीच बंद झालेली. टेलिफोनची तार चार घरांना मिळून एक, बाकीच्या बायका कान लावून ऐकायच्या, म्हणून तिकडेही जर्मन बोलायची नाही, असं सासऱ्यांनी बजावलेलं. पहिल्या वर्षी लिना फक्त डुकरांशी जर्मनमध्ये बोलली. हे तिनं गमतीनं लिहिलं होतं. टांटे हिल्डे वाचताना हसायची आणि चष्मा पुसायची.

आणि वारा. प्रत्येक पत्रात वारा. "इथे वारा खाली बसतच नाही," असं ती लिहायची. बर्फाचं वादळ आलं की घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचा आणि तो धरून धारा काढायला जायचं. हात सुटला तर माणूस स्वतःच्या अंगणात हरवून मरतं. उन्हाळ्यात मका डोक्याच्या वर. मळणीला वीस गडी, त्यांना सकाळपासून पाच वेळा खायला, दोन चुली पेटलेल्या, बाहेर ऊन आणि आत त्याहून जास्त. तिचे हात लहान होते, म्हणून डुकरीण अडली की चार शेतांवरून हिलाच बोलावणं यायचं. पहिलं बाळ जानेवारीत गेलं. जमीन गोठलेली, कुदळ चालेना. एप्रिलपर्यंत ती पेटी धान्याच्या कोठीत ठेवलेली होती, आणि लिना रोज तिथूनच कोंबड्यांचं दाणं आणायची. हे वाचल्यावर टांटे हिल्डेनं केकचा तुकडा माझ्या ताटलीत सरकवला.

जाताना इथल्या नासपतीच्या बिया तिनं रुमालात बांधून नेल्या होत्या. झाड लागलं, वाढलं, मोठं झालं. फळं आली ती लाकडासारखी. डुकरंसुद्धा खाईनात.

घरी एकदाही आली नाही. डुकरांना सोडून कसं येणार? मग मुलं झाली. मग नवऱ्याचं आजारपण. मग शेत विकलं, गावात लहानसं घर घेतलं, नवरा गेला, कमरेनं दगा दिला. दर पत्राच्या शेवटी 'पुढच्या वर्षी'. आणि इथे दर शनिवारी खिडकी उघडी.

कॉफी झाली की मी वर निघायची. जिभेला सवय, तोंडातून निघायचं, "येते हं." एकदा तिनं अर्थ विचारला. मी सांगितला.

"पण तू तर जातेयस!"

"तरी येते म्हणायचं. जाते म्हणायचं नसतं, टांटे हिल्डे. जाते म्हणणारं माणूस परत येत नाही."

ती दारात उभी राहून विचार करत राहिली. मग म्हणाली, लिना निघाली त्या सकाळी फाटकापाशी म्हणाली होती, "इश गे येत्स." मी जाते आता. "तिला हे कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. त्यानंतर दुकानाला निघाली तरी टांटे हिल्डे जिन्यातून वर तोंड करून ओरडायची, "येऽते!"

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. इतकी वर्षं मिलिंदलाही नीट सांगितलेलं नाही.

लिनाचा उजवा हात थरथरायला लागला आणि पत्रं तिची नात केटी लिहू लागली. केटीला जर्मन येत नव्हतं. ती इंग्रजीत लिहायची, टांटे हिल्डेला इंग्रजी येत नव्हतं, आणि लिनाला इतकं कमी ऐकू यायचं की फोनवर नाताळात तीन मिनिटं दोघी नुसत्या ओरडायच्या आणि रडायच्या. मग मधे कोण? मी! इंग्रजी माध्यम नसेना का, पण बीएस्सीपर्यंत इंग्रजी शिकलेली, आणि आता जर्मनच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. काय तो माझा तोरा! एका हातात पत्र, दुसऱ्या हातात कॉफी, आणि झरझर जर्मन. अडलं की इंग्रजी शब्दालाच जर्मन शेपूट लावायचं, दहातल्या आठ वेळा ते चालून जायचं. टांटे हिल्डे योर्गला सांगायची, "ही नसती तर माझी बहीण मुकी झाली असती."

जूनमध्ये, शतावरीचे शेवटचे भारे बाजारात होते तेव्हा, ते पत्र आलं. केटीनं लिहिलं होतं की ग्रँडमाच्या कमरेचं ऑपरेशन आहे, मग चालायला शिकायचं, मग पासपोर्ट काढायचा. पण इव्हेंच्युअली ग्रँडमा घरी येणार आहे. परसातलं नासपतीचं झाड अजून आहे का, असं ती विचारते.

मी वाचत गेले, सांगत गेले. त्या शब्दापाशी आले आणि मला आनंदच झाला, कारण तोच शब्द जर्मनमध्येही आहे हे मला ठाऊक होतं. ऐकलेला होता, बसमध्ये, दुकानात. मी ऐटीत म्हटलं, "लिना घरी येणार आहे, एव्हेन्टुएल."

टांटे हिल्डेच्या हातातला चमचा थांबला. "एव्हेन्टुएल?"

"हो, हो. एव्हेन्टुएल."

"असंच लिहिलंय? नीट बघ, किंड, पोरी."

मी नीट बघितलं. बोट ठेवून दाखवलं. अक्षरंसुद्धा जवळजवळ तीच! तिनं चष्मा लावून तो शब्द पाहिला, आणि तिलाही तो ओळखीचा वाटला. "गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

ती उठली, कप धुतला, पुसला, फडताळात ठेवला. "पन्नास वर्षं," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आणि एव्हेन्टुएल."

मला तिच्या आवाजातलं काही कळलं नाही. मी केक खात होते.

पुढच्या शनिवारी तिनं फरसबंदी झाडली, अंगण झाडलं आणि आत गेली. खिडकी उघडली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. जुलैत एक दिवस वर आली आणि किल्ली माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "तुझ्या सासूबाई येणार आहेत ना? गुडघे दुखतात म्हणालीस. जिना कशाला चढायचा? मागची खोली घ्या."

"पण लिना?"

"जिला यायचं असतं ती येते म्हणते," टांटे हिल्डे म्हणाली.

मी किल्ली घेतली. दोनदा नाही-नाही केलं, तिसऱ्यांदा घेतली. नागपूरहून सासूबाई यायच्या होत्या आणि त्यांना वरच्या दोन खोल्यांत कुठे ठेवायचं या विचारानं माझी झोप उडालेली होती. मला तर देव पावला. मग टांटे हिल्डेनं उत्तर सांगितलं आणि मी ते माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्षरात, इंग्रजीत लिहिलं: मागची खोली वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला दिली आहे. त्यांना गरज आहे. झाड आहे. तिकीट मीच लावलं आणि पेटीतही मीच टाकलं.

लिनाचं उत्तर चार ओळींचं. ग्रँडमा म्हणते ठीक आहे. आणि खाली केटीचं एक वाक्य, की ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवली. माळ्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. कोश वर राहिला होता. कोण जिना चढणार? मी ते वाक्य गाळलं. "ती म्हणते, ठीक आहे," एवढंच सांगितलं. टांटे हिल्डे म्हणाली, "बघ. बोलली का काही?"

सासूबाई ऑगस्टमध्ये आल्या. लिनाच्या पलंगावर झोपल्या, लिनाच्या कपाटात नऊवारी लुगडी रचली, खिडकीत बुद्धाची लहान मूर्ती ठेवली आणि रोज सकाळी तिथे वंदना म्हणू लागल्या. पौर्णिमेला खीर केली, वाटीभर टांटे हिल्डेला दिली. दोघी एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो समजत नसताना अंगणात तासन्‌तास बसायच्या. "चांगली हाय व तुही घरमालकीन," मला म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्यावर खूश होत्या. नागपूरला फोनवर सांगायच्या की सुनेनं माझ्यासाठी सोय करून ठेवली, म्हणून.

सप्टेंबरात वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर दोन रांगा लिहिल्या. दिसायला सारखे, अर्थानं वेगळे, असे इंग्रजी आणि जर्मन शब्द. सगळे हसत होते, मीही हसत होते. तिसऱ्या ओळीत तो होता. इंग्रजी इव्हेंच्युअली: उशिरा का होईना, शेवटी, पण नक्की. जर्मन एव्हेन्टुएल: जमलं तर, कदाचित.

 वहीत मी तो शब्द उतरवून घेतला, दोनदा अधोरेखितही केला. काय तर म्हणे अभ्यास!

घरी चालत येताना मी ठरवत होते की आत्ताच सांगायचं. मागच्या खोलीत दिवा होता. सासूबाई पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होत्या. सांगितलं तर खोली रिकामी करावी लागणार होती. सासूबाईंना जिना चढवावा लागणार होता. आणि टांटे हिल्डे, जी मला पोरीसारखी मानत होती, तिला सांगायचं की मी शहाणपणा मिरवायला गेले आणि तुझ्या बहिणीला तुझ्या दारातून परत पाठवलं? मला भीती वाटली. सरळ भीती. मी जिना चढून वर गेले आणि मनाशी म्हटलं, सांगीन कधीतरी.

कधीतरी. आमचा हा शब्द त्या दोन्हींच्या मधोमध बसतो. बोलणाऱ्यानं नक्की म्हणून म्हटलं तरी चालतं, आणि ऐकणाऱ्यानं कदाचित समजलं तरी चालतं. भंडाऱ्याहून आई फोनवर विचारायची, "कधी येतेस?" मी म्हणायची, "येईन न कधीतरी." ती बिचारी नक्की समजायची.

पंधरा दिवसांनी बोटीच्या टपालानं एक पार्सल आलं. सुतळीनं बांधलेलं, मऊ, उशीएवढं. लिनानं ते त्या जूनच्या पत्राबरोबरच टाकलं असणार, पाण्यावरून यायला एवढे दिवस लागले. टांटे हिल्डेनं नाव वाचलं आणि उघडलंच नाही. ते घेऊन ती मागच्या खोलीत आली. सासूबाईंनी कागदावरूनच हात फिरवला, दाबून पाहिलं. "गोधडी हाय व माय. दुसरं काही नाही. कोणाची व?"

मी म्हटलं, "तिच्या बहिणीची. अमेरिकेतली."

"मंग ते येऊन राह्यली का? बाई आपली गोधडी पुढं धाडते म्हणजे मागून येतेच न."

टांटे हिल्डे माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतात त्या?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "त्या म्हणतात, मऊ आहे."

"जी कदाचित येणार आहे, तिनंच येऊन उघडावं," टांटे हिल्डे म्हणाली, आणि तिनं ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, ढकलून दिलं. त्या नाताळात तिनं फोन केला नाही. तिकडूनही आला नाही.

जानेवारीच्या शेवटी केटीचं पत्र आलं. लिना गेल्याचं मी टांटे हिल्डेला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं. त्या पत्रात चूक करायला कुठे जागाच नव्हती. ती बराच वेळ हात पुशीत उभी राहिली. हात कोरडे होते. "तिला यायचंच नव्हतं," ती म्हणाली. मी तेव्हाही बोलले नाही. आता सांगून तिला काय मिळणार, अशी मी माझी समजूत घातली. मेलेलं माणूस तर येत नाही ना परत? अशी समजूत घालायला मी फार हुशार आहे.

सासूबाई वसंतात परत गेल्या. मग वर्षभरानं मिलिंदला फ्रँकफर्टला बँकेत नोकरी मिळाली. सामान गाडीत चढलं आणि मी फाटकापाशी टांटे हिल्डेला मिठी मारली. सवयीनं निघालं, "येते हं."

ती हसली. माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "एव्हेन्टुएल?"

थट्टाच होती ती. तिचा तोच एक शब्द घरगुती झाला होता. लिनाचा विषय निघाला की ती असंच म्हणायची. मी गाडीत बसले आणि हायवे लागेपर्यंत मिलिंदशी बोलले नाही. त्यानं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

दोन वर्षांत मी एकदाही आले नाही. एक तासाची आगगाडी आणि पुढे बस. एवढंच अंतर. पत्र लिहायला घेतलं, तीनदा. पहिल्या वाक्यातच तो शब्द लिहावा लागायचा.

योर्ग बाहेर अंगणात फोनवर बोलतोय. मी खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला. होतं. सुतळीची गाठ सुटेना, दातांनी सोडवली.

गोधडीच. तिकडे पशुखाद्य छापील कापडाच्या पोत्यांत यायचं आणि बायका त्याचे कपडे शिवायच्या, असं टांटे हिल्डेनं पत्रातून वाचून दाखवलं होतं. ते सगळे तुकडे इथे आहेत. निळी फुलं, पिवळ्या रेघा, बाळाच्या अंगड्याचा असावा असा एक पांढरा चौकोन, धुऊन धुऊन झिरझिरीत झालेला. टाके आधी बारीक आणि सरळ, कडेला येईपर्यंत वाकडे आणि लांब, हात थरथरायला लागल्यावरचे. कोपऱ्याला टाचणीनं एक कागद लावलेला. केटीचं अक्षर नव्हे. शिसपेन्सिलीनं, मोठ्ठ्या डळमळत्या अक्षरात, जर्मनमध्ये. टांटे हिल्डेला चष्म्याशिवाय वाचता आलं असतं.

"हिल्डे, ही माझ्या पलंगावर घालून ठेव. मी मागून येते."

चार वर्षं हे इथे होतं. टांटे हिल्डे या फळीखाली दुलई झटकत होती की नव्हती कोण जाणे, पण हे इथेच होतं. खाली माझ्या सासूबाई झोपल्या. मी त्यांना सकाळी चहा आणून द्यायची, आणि हे माझ्या डोक्यावर हातभर उंचीवर होतं. ती गाठ सोडायला एक मिनिट लागलं असतं. मी सोडू दिली नाही.

रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. नुसता संताप आला, स्वतःचाच. मी ती गोधडी पलंगावर घातली, चारी कोपरे ओढून घेतले, हात फिरवला. मग त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं, जर्मनमध्ये, ते वाक्य म्हटलं, जसं म्हणायला हवं होतं तसं. टांटे हिल्डे, लिना घरी येतेय. नक्की. माझे उच्चार आता फार चांगले झालेत.

योर्गनं दारातून डोकावलं. "फेर्टिश, झालं? मिळालं का तुमचं?"

"इथे माझं काही नाही," मी म्हटलं.

"हे पांघरूण छान आहे की! न्या ना. सोमवारी सगळं जाणारच आहे."

मी मान हलवली. खोली घेतली तेवढं पुरे झालं. त्याला म्हटलं, आज शनिवार आहे, खिडकी अर्धा तास उघडी राहू दे. त्यानं खांदे उडवले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

मी किल्ली दिली. उंबऱ्यावर आले, मागे वळून पाहिलं. पलंगावर ऊन आलं होतं. जिभेवर सवयीचा शब्द आलाच होता. तो मी गिळला.

"जाते," मी म्हटलं.